पावणेचारशे घोडे आणि अकरा वळणं

व्हर्लिन स्टँपरच्या मोटारीच्या डिकीत दगडी कोळशाची दोन पोती कायमची मुक्कामाला असत. पिकल्या जांभळाच्या रंगाची, पावणेचारशे घोड्यांच्या ताकदीची ती मोटार डेट्रॉइटच्या कारखान्याबाहेर उभी राहिली की नवखा कामगार आधी तिच्याकडं बघत राहायचा. मग कुणीतरी त्याला पोत्यांबद्दल सांगायचं, आणि तो व्हर्लिनकडं बघायचा. एवढी ताकद विकत घ्यायची आणि तिच्या पाठीवर कोळसा लादायचा, हा कुठला शहाणपणा? व्हर्लिन उत्तर देत नसे. त्याचे पाय लांब होते, हात त्याहून लांब, आणि बोलणं फार आखूड. पण त्या पोत्यांमागं सत्तर सालच्या मे महिन्यातली एक सकाळ होती. ती ज्यांनी पाहिली त्यांनी पुढं कित्येक वर्षं ती सांगितली, आणि सांगताना दर वेळी स्वतःला एक पाऊल पुढं उभं केलं.

व्हर्लिन पूर्व केंटकीच्या डोंगरातला. त्याची घळ इतकी अरुंद की हिवाळ्यात सूर्य दहाला यायचा आणि तीनला जायचा. त्रेसष्ट साली तिथली खाण बंद पडली, तेव्हा सगळे जात होते तसा तोही उत्तरेला गेला, मोटारींच्या कारखान्यात. एका वर्षासाठी. त्याचा बाप एस्टिल एकतीस वर्षं खाणीत होता आणि आता ती खाण त्याच्या छातीत होती. चार पावलं चालला की थांबून आठ श्वास घ्यायचा. शहराची हवा त्याला एक हिवाळाभरही पुरणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून व्हर्लिनची बायको आर्व्हेटा सासऱ्याजवळ राहिली. वर्षभराचाच तर प्रश्न होता.

त्या वर्षाला सात वर्षं झाली. कुणी कुणाला फसवलं नव्हतं. इकडं काम नव्हतं, तिकडं हवा नव्हती, आणि मधे चारशे मैल होते.

एकाआड एका शुक्रवारी रात्री अकराला पाळी सुटली की व्हर्लिन निघायचा. ओहायो राज्य वरून खालपर्यंत ओलांडायचं, नदी पार करायची, आणि उजाडल्यावर डोंगर. जुन्या सहा सिलिंडरच्या मोटारीला साडेनऊ तास लागत. शनिवारी सकाळी साडेआठला पोचायचं. सोमवारी कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर हात थरथरू नयेत म्हणून रविवारी दुपारी निघायचं.

शेवटी एक खिंड होती आणि खिंडीतून घळीत उतरणारी अकरा वळणं. एस्टिल ओसरीवर बसून कानानं ती वळणं मोजायचा. प्रत्येक वळणावर इंजिनाचा आवाज दबतो आणि पुन्हा मोकळा होतो; म्हातारा बोटं मिटत जायचा. दहा झाली तरी आर्व्हेटा चुलीपाशी हलायची नाही. अकरावं म्हटल्यावर ती तवा ठेवायची. एकदा लवकर ठेवला होता, पहिल्या वर्षी. तो आवाज वाट चुकलेल्या कुणा फिरत्या विक्रेत्याचा निघाला. नववं वळण ओलांडून तो परत फिरला होता, आणि मक्याची भाकर करपली होती. तेव्हापासून तिचा नियम ठरला की अकरावं वळण झाल्याशिवाय माणूस आलेला नसतो.

उत्तरेहून येणाऱ्या त्या सगळ्यांचा आणखी एक रिवाज होता. खिंडीत, उताराच्या तोंडाशीच, खडकातून एक झरा रस्त्यावर यायचा. तिथं एक पत्र्याची बादली कायम टांगलेली असे. प्रत्येक जण तिथं थांबून मोटार धुवायचा. रात्रभराची धूळ, काचेवर चिकटलेले किडे, सगळं जायचं. मग दाढी, स्वच्छ सदरा, केसांना तेल. कारखान्यात तो कसाही राबत असो, भाड्याच्या खोलीत डब्यातलं थंड जेवत असो, घळीत शिरताना मोटार आरशासारखी लखलखली पाहिजे. रंगमंचावर पाय ठेवण्याआधी नट विंगेत जसा शेवटचा हात चेहऱ्यावरून फिरवतो, तसं होतं ते.

त्या वर्षी ईस्टरला व्हर्लिन नवी मोटार घ्यायचं बोलला. चार वर्षांची शिल्लक होती. बाप खूश झाला. आर्व्हेटा शेंगा सोलत राहिली. स्वयंपाकघरातल्या घड्याळामागं तिच्या बहिणीचं, ओव्हाचं, पत्र खोचलेलं होतं. लेक्सिंग्टन शहरातल्या इस्पितळात स्वयंपाकखान्यात जागा आहे, राहायला माझी खोली आहे, ये. ते पत्र व्हर्लिननं वाचलं होतं, आणि एस्टिलनंही वाचून सुनेला सांगितलं होतं की तू जा, पोरी, मला काय, मी अंडी उकडून खाईन.

शेंगा संपल्यावर आर्व्हेटा म्हणाली, “मोटार जरूर घे. फक्त बघून घे. तिकडं रस्ते सरळ आहेत, इकडं वाकडे. तू कुठल्या रस्त्यासाठी घेतोस त्यावरून मला कळेल तू कुठं राहतोस. मग माझं काय ते मी ठरवीन.”

ती रागावली नव्हती. पाहुण्याला चहा हवा की कॉफी असं विचारावं, तशी बोलली. म्हणूनच व्हर्लिन घाबरला.

तसं पाहिलं तर मोटार निवडायला त्याच्याइतका जाणता माणूस शोधून सापडला नसता. सात वर्षं तो पट्ट्यावर पुढच्या चाकांच्या स्प्रिंगा बसवत होता. तासाला पंचावन्न मोटारी त्याच्या समोरून जात. स्प्रिंगांवर रंगाचा ठिपका असे: पांढरा ठिपका म्हणजे लहान इंजिनाची मोटार, हिरवा ठिपका म्हणजे मोठ्या इंजिनाची. हिरव्या ठिपक्याची स्प्रिंग जाड, कारण मोठं इंजिन म्हणजे बॉनेटखाली तीन माणसं जास्तीची बसवल्यासारखं वजन. तशी मोटार सरळ रस्त्यावर बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. वळणावर मात्र तिचं नाक सरळच जाऊ बघतं. तुम्ही चाक फिरवता, ती थोडा विचार करते. लहान इंजिनाचे पावणेतीनशेच घोडे, पण नाक हलकं. तिला पुढं डिस्क ब्रेक घ्यावेत, खाली झोक आवरणारी जाड दांडी टाकून घ्यावी, मग ती डोंगरात शेळीसारखी पाय रोवून चालते. इंजिनिअर लोकांना हे कागदावर कळत होतं. व्हर्लिनला खांद्यात कळत होतं. हिरव्या ठिपक्यांचा दिवस असला की रात्री त्याचा उजवा खांदा ठणकायचा.

म्हणून त्यानं पांढरा ठिपका ठरवला. ठरवून टाकला आणि पट्ट्याच्या पलीकडच्या बाजूला उभ्या असलेल्या कॅझिमिरला सांगितला, ही त्याची चूक.

कॅझिमिर पोलंडच्या आईबापांचा, शहरातच वाढलेला, मनानं मोठा आणि आवाजानं त्याहून मोठा. डब्यातली कोबी भरलेली करंजी तो रोज अर्धी व्हर्लिनला द्यायचा आणि बदल्यात त्याची दिवसभर चेष्टा करायचा. त्याच्याकडं हिरव्या ठिपक्याची मोटार होती.

“अरे डोंगऱ्या, म्हातारीची गाडी घेतोयस तू,” तो म्हणाला. “वळणं, वळणं काय लावलंय? वळणाला स्टिअरिंग असतं. ताकदच नसेल तर फिरवणार काय, डोंबल?”

पुढं आठवडाभर पट्ट्यावर हाच विषय. व्हर्लिनला म्हाताऱ्यांची विणलेली टोपी बक्षीस देण्याचं ठरलं. वर्गणीही निघाली.

तरी तो बधला नसता. पण विक्रीच्या दुकानात गेल्यावर दोन गोष्टी झाल्या. पहिली म्हणजे, त्याला हवी तशी मोटार तयार नव्हती. यादीवर खुणा करून कागद पाठवायचा आणि दहा आठवडे थांबायचं. दुसरी म्हणजे, कुणीतरी मागवून नाकारलेली एक मोटार दुकानातच उभी होती. जांभळी. मोठं इंजिन, चारी चाकांना साधे ड्रम ब्रेक. विक्रेता भला माणूस होता. त्यानं काही लपवलं नाही. ही आज ने, ती हवी तर ऑगस्टमध्ये ये, म्हणाला. आणि किल्ली हातात दिली, एक फेरी मारून ये.

दहा आठवडे म्हणजे कबरींवर फुलं वाहायचा दिवस हुकणार. मेअखेरीच्या त्या रविवारी घळीतली झाडून सगळी माणसं, शिकागो-डेट्रॉइटपासून, घरी येतात. टेकडीवरच्या दफनभूमीखाली मोटारींची रांग लागते, आणि कोण काय घेऊन आला ते मेलेल्यांनासुद्धा कळतं. सात वर्षं तो त्याच कुरकुरत्या मोटारीतून आला होता.

तो फेरीला निघाला. शहराबाहेर जाणारा तो रुंद हमरस्ता, मधे गवताचा पट्टा, आणि शेवट दिसणार नाही असा सरळ. तिथं डावीकडं वळायचं असलं तरी आधी सरळ पुढं जावं लागतं, मग गवताच्या पट्ट्यातल्या फटीतून सावकाश उलटं फिरायचं. व्हर्लिन मोटारीचं वळण पाहायला निघाला होता आणि पाऊण तासात त्याला तपासण्याजोगं एक वळण सापडलं नाही. एका दिव्याशी थांबला, हिरवा झाला, त्यानं पाय दाबला. पाठ सीटला चिकटली. सात वर्षांत पहिल्यांदा, त्याच्या मनात आलं म्हणून काहीतरी पुढं गेलं होतं.

परत येताना त्यानं हिशेब केला. सपाट रस्त्यावर ही सव्वा तास वाचवील. सव्वा तास म्हणजे आर्व्हेटाजवळ सव्वा तास जास्त. हे तिला सांगता येईल, असं त्यानं स्वतःला सांगितलं, आणि सही केली.

त्या शुक्रवारी जांभळ्या मोटारीनं ओहायो राज्य असं काही कापलं की शनिवारी सकाळी सव्वासातला व्हर्लिन खिंडीत होता. हिशेब चुकला नव्हता. उत्तरेहून येणारे बाकीचे अजून नदीपलीकडं असतील. झऱ्याशी एकटा तोच. त्यानं बादली काढली. नवी मोटार, तिचं पहिलं स्नान, आणि समोर एवढा मोठा दिवस. चाळीस बादल्या ओतल्या असतील. चाकं तर तीनदा धुतली, तारांच्या ब्रशनं, आतपर्यंत. मग दाढी केली, पांढरा सदरा घातला आणि ओघळत्या मोटारीत बसून उतार धरला.

ड्रम ब्रेकच्या आत पाणी गेलं की तो थोडा वेळ धरत नाही, हे व्हर्लिनला कुणी शिकवायची गरज नव्हती. जुन्या मोटारीलाही असेच ब्रेक होते. पण तिला थांबवण्यासारखं फारसं काही नव्हतंच. ती दुसऱ्या गिअरमध्ये रडत रडत स्वतःच हळू व्हायची. त्या मोटारीच्या सवयीनं तो या मोटारीत बसला होता. पहिलं वळण त्यानं ऐटीत घेतलं. दुसऱ्यावर ब्रेक दाबला आणि पाय लोण्यात गेल्यासारखा आत गेला. तिसरं वळण केसाच्या पिनेसारखं होतं. त्यानं चाक पुरतं फिरवलं. मोटारीनं थोडा विचार केला, आणि सरळ गेली.

मोठा आवाज झाला नाही. करकर झाली, खडी उडाली, पोटाखाली दगड घासला आणि सगळं शांत झालं. समोरच्या काचेत रस्ता नव्हता, झाडंही नव्हती. खाली घळ, आणि घळीत त्याच्या घराचं छप्पर, धुराड्यातून निघणारा बारीक धूर. पुढची दोन्ही चाकं हवेत होती. पोट एका खडकावर टेकलं होतं आणि मागची चाकं रस्त्याच्या कडेला जेमतेम पोचत होती. व्हर्लिन दाराकडं झुकला, तशी मोटार पुढं झुकली. तो मागं रेलला, तशी ती मागं आली.

त्याच्या खांद्यांना लगेच कळलं. नाक जड. तो बसला होता खडकाच्या मागच्या बाजूला. तो उतरला की मागचं वजन जाईल, आणि हिरव्या ठिपक्याचं सगळं ओझं घेऊन मोटार खाली निघेल. त्यानं इंजिन चालू करून मागं घ्यायचा प्रयत्न केला. मागची चाकं जागच्या जागी गरगरली, खडी उडाली, आणि मोटार बोटभर पुढं सरकली. पावणेचारशे घोडे, आणि एकही जमिनीला पाय टेकायला तयार नाही. त्यानं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला.

दार उघडून उडी मारायला एक क्षण पुरला असता. माणूस वाचला असता, चार वर्षांची शिल्लक घळीत गेली असती. तो बसून राहिला.

खाली ओसरीवर एस्टिलनं तिसरं बोट मिटलं आणि चौथ्याची वाट पाहत राहिला. मग सुनेला हाक मारली. आर्व्हेटा अंड्यांची टोपली घेऊन डोंगरापलीकडच्या दुकानाकडं निघतच होती. म्हातारा म्हणाला, तीनच ऐकू आली, तिसऱ्याला बघ. आवाज ओळखीचा नव्हता. पण एवढ्या सकाळी घळीत दुसरं कोण उतरणार?

चढाला तिला अर्धा तास लागला. वळणावर येऊन तिनं सगळं पाहून घेतलं. लखलखती जांभळी मोटार, हवेतली चाकं, पांढऱ्या सदऱ्यातला नवरा. तिनं टोपली बांधावर ठेवली.

“आलास का,” ती म्हणाली.

“आलो,” व्हर्लिन समोर बघत म्हणाला. मान वळवायची त्याला भीती वाटत होती.

“उतर.”

“उतरलो तर गाडी जाईल.”

“मग जाऊ दे.”

त्याचे हात मांडीवरच राहिले. आर्व्हेटानं थोडा वेळ वाट पाहिली. मग तिनं परकर आवरला, टाच मागच्या बंपरवर ठेवली आणि डिकीवर चढून बसली, रस्त्याकडं तोंड करून, त्याच्याकडं पाठ करून. मोटारीचा मागचा भाग सावकाश खाली बसला. आतल्या आरशात व्हर्लिनला तिच्या निळ्या स्वेटरची पाठ आणि केसांची गाठ दिसत होती.

घळीत कोळसा पोचवणाऱ्या डेन्झिलचा ट्रक साडेनऊपर्यंत यायचा होता. त्याच्याकडं साखळी असते. म्हणजे तासभर तरी असंच बसायचं.

खडकाखाली कुठंतरी मोटारीतून पाणी ठिबकत होतं.

“किती घोडे?” आर्व्हेटानं विचारलं.

“पावणेचारशे.”

“आणि ब्रेक?”

“जुन्यासारखेच.”

“तुला ठाऊक होतं?”

“हिच्या स्प्रिंगा मीच बसवल्या असतील,” व्हर्लिन म्हणाला. “नाकावर तीन माणसांचं ओझं आहे. ठाऊक होतं.”

“दुसरी मिळत नव्हती?”

“मिळत होती. दहा आठवड्यांनी.”

निळी पाठ हलली नाही. “मी सात वर्षं थांबलेय,” ती म्हणाली. “दहा आठवडे काय होते रे?”

त्यानं सव्वा तासाचा हिशेब सांगायला तोंड उघडलं. पण तो सव्वा तास इथं खडकावर बसून चालला होता, आणि तिच्या पाठीला खोटं सांगणं त्याला चेहऱ्याला सांगण्यापेक्षा अवघड वाटलं. मग जे तो स्वतःशीही बोलला नव्हता ते आरशातल्या त्या निळ्या पाठीला बोलला. पट्ट्यावर सगळं त्यांच्या वेगानं चालतं. शिंक आली तरी पुढची मोटार येऊन उभी असते. सात वर्षं माझ्या मनानं काही पुढं गेलं नाही, मागंही गेलं नाही. त्या दिवशी पाय दाबला आणि गेलं. एवढंच.

आर्व्हेटानं ऐकून घेतलं. नंतर ती बोलली तेव्हा तिचा आवाज मऊ होता, आणि त्यामुळं शब्द जास्त लागले.

“इथं पाय दाबून काही पुढं जात नाही, व्हर्लिन. मी दाबून बघितलाय. तू तिकडं पुढं लोंबकळतोस, मी इकडं मागं बसून राहते. हलले तर तू जाशील, बाबा जातील, सगळंच जाईल असं वाटतं, म्हणून हलत नाही. हे काही आजचंच नाही, सात वर्षं करतेय मी.”

“उतर तू,” तो म्हणाला. “खरंच उतर, आर्व्हेटा. मी दार उघडतो, उडी मारतो. जाऊ दे ही.”

“आत्ता?”

“आत्ता.”

त्यानं दाराच्या मुठीला हात घातला. तिला तो आवाज ऐकू आला.

“बस गप,” ती म्हणाली. “उडी मारून पायबिय मोडलास तर तुलाही मलाच उचलावं लागेल. एक म्हातारा पुरे आहे मला.”

आणि ती हसली. पाठ हलली, मोटार हलली, दोघंही एकदम गप्प झाले. हसणंसुद्धा जपून करायचं होतं.

डेन्झिलचा ट्रक आला तेव्हा त्याच्यामागं खिंडीतून उतरलेल्या तीन मोटारी होत्या, तिन्ही धुतलेल्या, लखलखत्या, तेल लावलेल्या माणसांनी भरलेल्या. रस्ता अडला, सगळे उतरले. चारशे मैल लांबून ज्या प्रवेशासाठी व्हर्लिन आला होता, त्याला असं भरलेलं थिएटर मिळालं. आर्व्हेटा डिकीवरून हलली नाही; तशीच बसून तिनं सगळ्यांना नमस्कार केला, कुणाच्या आईची चौकशी केली.

डेन्झिलनं मोटारीला एक फेरी घातली, तंबाखूची पिंक टाकली. “व्हर्लिन,” तो म्हणाला, “गाडी वाळत घातलीस काय?”

मग साखळी लागली, सहा माणसं मागच्या बंपरवर लटकली, ट्रकनं गुरगुर केली आणि जांभळी मोटार खडकावरून खरखरत रस्त्यावर आली. पोटाखालचा पत्रा चेपला होता, बाकी काही झालं नव्हतं. उरलेली आठ वळणं व्हर्लिननं चालत्या माणसाच्या वेगानं उतरली. आर्व्हेटा शेजारी बसली नाही. पुढं आधीच फार वजन झालंय, म्हणाली, आणि मागच्या सीटवर टोपली मांडीवर घेऊन बसली. अंडं एकही फुटलं नव्हतं.

ओसरीवर एस्टिलनं डोळे मिटून उरलेली आठ मोजली होती. मुलाकडं बघून तो एवढंच म्हणाला, की तिसरं आणि चौथं यांच्यात फार अंतर पडलं आज.

रविवारी दफनभूमीवर सगळ्यांनी मोटारीचं कौतुक केलं. बॉनेट उघडायला लावलं, इंजिनाला हात लावून पाहिला. चेपलेल्या पत्र्याबद्दल कुणी व्हर्लिनसमोर बोललं नाही. मागं सगळेच बोलले. आर्व्हेटानं आपल्या सासूच्या कबरीवर कागदाची फुलं ठेवली आणि व्हर्लिनच्या बाजूला उभी राहिली. तिनं काय ठरवलं, हे त्याला विचारवलं नाही. दुपारी जेवताना शिजवलेल्या शेंगांच्या थाळीवरून त्यानं घड्याळाकडं पाहिलं. पत्र मागं होतं, पण आता थोडं बाहेर आलेलं. कुणीतरी काढून पुन्हा खोचल्यासारखं.

निघताना त्याला डिकी उघडी दिसली. आर्व्हेटा शेडमधून कोळशाचं पोतं छातीशी धरून आणत होती. एक आधीच आत ठेवलेलं होतं, अगदी मागं, बंपरला टेकून. त्यानं हात पुढं केला तर तिनं त्याला बाजूला सारलं आणि दुसरंही स्वतःच ठेवलं. मग काळे हात एप्रनला पुसले.

“मी कायम मागं बसणार नाही,” ती म्हणाली. “हे बसतील.”

व्हर्लिननं मान हलवली.

“आणि पुढच्या वेळी धुऊन येऊ नकोस. झऱ्याशी थांबायचं नाही. ओहायोची धूळ घेऊन ये. सात वर्षं तू दर वेळी असा येतोस, जणू कोपऱ्यावरून आलास. कुठून येतोस ते मला बघू दे एकदा.” तिनं डिकी दाबून लावली. “मग मी पत्राचं काय ते बघते.”

सोमवारी पट्ट्यावर कॅझिमिरनं मोटारीबद्दल विचारलं. व्हर्लिननं डिकी दाखवली. कॅझिमिर इतका हसला की मुकादम आला. पावणेचारशे घोड्यांना हमाल केलंस, म्हणाला. हमरस्त्यावर दिव्याशी शेजारी कोणी इंजिन गुरगुरवलं तर व्हर्लिनचा पाय आता हलत नसे. हलला असता तरी तो हरलाच असता. मागं दोन पोती होती.

ते दोन आठवडे लांब गेले. दिवसाला चारशेच्या वर मोटारी त्याच्यापुढून जात होत्या, हिरवा, पांढरा, हिरवा, आणि त्यातल्या एकीतही तो बसणार नव्हता. त्याला उतरता येत नव्हतं, आणि तिलाही. फरक एवढाच पडला होता की आता ते दोघांनी एकमेकांना सांगितलं होतं.

दुसऱ्या शनिवारी सकाळी मोटार खिंडीत आली तेव्हा झऱ्याशी दोन जण सदरे बदलत होते. त्यांनी बादली पुढं केली. व्हर्लिननं काचेतून हात हलवला आणि न थांबता पुढं गेला. काचेवर किडे, बॉनेटवर ओहायोचा तांबूस लेप, जांभळा रंग कुठं होता ते सांगावं लागलं असतं. ब्रेक कोरडे होते. पोत्यांनी मागचा भाग रस्त्यावर दाबून धरला होता. नाक अजूनही आधी सरळ बघत होतं, पण मग ऐकत होतं.

ओसरीवर एस्टिलनं मान वाकडी केली आणि पहिलं बोट मिटलं.

“एक,” तो म्हणाला.

आतून लोखंडी तवा चुलीवर ठेवल्याचा आवाज आला. म्हाताऱ्यानं दाराकडं पाहिलं. अजून दहा राहिली होती. त्यानं दुसऱ्या वळणाची वाट पाहत बोटं तयार ठेवली.